वर्षभर आधी

सबनीसांच्या घरी संडासाच्या भिंतीवरही सिलॅबस होता. समोर ए-लेव्हल फिजिक्स, शेजारी मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका, आणि खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पाहुणा जरा जास्त वेळ आत राहिला, की बाहेरून सबनीसांचा आवाज येई, "चौथा प्रश्न सोडा, त्यात छापायची चूक आहे!"

लंडनच्या कडेला, स्टॅनमोरला आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. सबनीस इंजिनिअर. मुलगा पाच वर्षांचा असताना त्यांची बायको वारली. तेव्हापासून घरात ते आणि अजित, दोघंच. हा अजित आणि आमची मंजू एकाच महिन्यात जन्मले, हे माझं दुर्दैव. दुसऱ्या कुठल्याही महिन्यात जन्मला असता, तर मी त्या मुलाचं मनापासून कौतुक केलं असतं.

सबनीस सगळं आधी करायचे. दिवाळीचा आकाशकंदील त्यांच्या दारावर दसऱ्यालाच लागे. एकदा त्यांचा भाऊ पुण्याहून येणार होता, तर हे आदल्या दिवशीच हीथ्रोला जाऊन विमान बघून आले. मी विचारलं, "अहो सबनीस, पण भाऊ उद्या येणार ना?"

"म्हणूनच. उद्या गडबड नको."

तोच नियम मुलाला. इथली मुलं ओ-लेव्हल सोळाव्या वर्षी देतात आणि ए-लेव्हल अठराव्या. अजितने ओ-लेव्हलचं गणित तेराव्या वर्षी दिलं. गणपतीच्या दिवशी कम्युनिटी हॉलमध्ये आरती संपली, की सबनीस त्याचा खांदा धरून सगळीकडे फिरवत. "हा अजित. मॅथ्स झालं. वर्षभर आधी!" प्रत्यक्षात तीन वर्षं आधी होतं, पण 'वर्षभर आधी' हा त्यांचा ठरलेला शब्द. दुसऱ्यांच्या मुलांना ते नाव विचारत नसत. "काय रे, कुठली लेव्हल?" एवढंच. एकदा चार वर्षांच्या पोरीने लेव्हल म्हणजे लिफ्टचं तळघराचं बटण समजून "मायनस वन" असं उत्तर दिलं, तर सबनीस खूश. "निगेटिव्ह नंबर्स येतात हिला!"

शाळेला हे मान्य नव्हतं. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, मुलाला थोडं खेळू द्या. सबनीस म्हणाले, "खेळेल ना. नंतर." शाळेने नाव पाठवलं नाही, तेव्हा त्यांनी जवळच्या कॉलेजातून अजितला बाहेरचा उमेदवार म्हणून बसवलं. त्या वर्गात एक बस ड्रायव्हर, दोन नर्सेस, एक निवृत्त पोस्टमन आणि हा तेरा वर्षांचा. टेबल उंच पडायचं म्हणून सबनीस तपकिरी कॉर्डरॉयची एक उशी घेऊन जायचे. परीक्षेच्या हॉलमध्ये उशी न्यायला परवानगी हवी, म्हणून त्यांनी बोर्डाला तीन पत्रं लिहिली. परवानगी आली. ते पत्र त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं, बायकोच्या फोटोशेजारी.

तेव्हा आम्ही फार हसलो. हसताना माझ्या मनात काय चाललं होतं, ते सुधाला माहीत होतं. सुधा म्हणजे माझी पत्नी. ती म्हणायची, "अहो, तुम्ही हसताय की दात खाताय?"

मी कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरीला. मोठ्याने बोलणं माझ्या स्वभावात नाही, भांडणं तर नाहीच. पण आता लिहायलाच बसलो आहे, तर लिहितो. अजित पंधराव्या वर्षी ए-लेव्हलच्या गणिताला बसला, तेव्हा सबनीसांनी जुन्या प्रश्नांचं एक पुस्तक आमच्या लायब्ररीतून मागवलं. त्यांची मागणीची चिठ्ठी मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. दर सोमवारी गठ्ठा वर आला, की पुन्हा खाली. तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात सबनीस काउंटरवर आले आणि म्हणाले, "वैद्य, राहू द्या ते पुस्तक. मी मध्य लंडनला जाऊन हातानं उतरवून आणलं. तुमच्याकडे केवढा कामाचा बोजा!" अजितला ए मिळाला.

पुढच्या वर्षी फर्दर मॅथ्स, फिजिक्स आणि वर एक स्पेशल पेपर. हा पेपर ज्यांना साधी ए-लेव्हल सोपी जाते त्यांच्यासाठी असतो. त्या ऑगस्टात निकालाच्या सकाळी मी मनात म्हटलं, एक बी मिळू दे. एकच. देवाकडे दुसऱ्याच्या मुलासाठी बी मागणारा मी पहिलाच बाप असेन. आठ वाजता फोन वाजला. "वैद्य! सगळे ए! स्पेशलला डिस्टिंक्शन!" मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. मंजू टोस्ट खात होती. म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा असा का झाला?"

अजित सोळाव्या वर्षी ग्लासगोला युनिव्हर्सिटीत गेला. इतक्या लांब का, असं सुधाने विचारलं. सबनीसांचं उत्तर तयार होतं. "वहिनी, स्कॉटलंडात मुलं सतराव्या वर्षी जातात. म्हणजे आपण तिथेही वर्षभर आधी!" सत्र सुरू व्हायच्या आठ दिवस अगोदर ते त्याला घेऊन निघाले. हॉस्टेलला कुलूप होतं. दारावरचा पोर्टर म्हणाला, शनिवारी या. बापलेक आठवडाभर एका बेड अँड ब्रेकफास्टमध्ये राहिले. ही गोष्ट स्टॅनमोरमध्ये पुढे दोन वर्षं पुरली. सर्वांत रंगवून मी सांगायचो.

मग मंजूची ए-लेव्हल आली. निकालाच्या सकाळी आठ वाजता सबनीसांचा फोन. "काय झालं?" मी सांगितलं. एक डी, एक ई, आणि केमिस्ट्रीत नापास. मग ते म्हणाले, "बोर्ड कुठलं? ते बोर्ड कडक आहे." माझ्या समजुतीसाठी म्हणाले, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, मीठ चोळतोय.

मंजूने पुन्हा बसायचं ठरलं. आठवड्यातून तीन सकाळी क्लास, बाकी वेळ घरी. तिच्या वयाची सगळी मुलं घर सोडून गेली होती. आमची तेवढी राहिली. सबनीस दिसले की मी रस्ता ओलांडायचो. "कितव्यांदा?" असं कुणी विचारेल, या भीतीने त्या वर्षी गणपतीलाही गेलो नाही.

ऑक्टोबरात सुधाचं दुखणं निघालं. डॉक्टर सरळ बोलणारे होते; फार वेळ नव्हता. तिचा पलंग आम्ही खाली, रस्त्याकडच्या खोलीत आणला. मंजू केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन त्या पलंगाच्या पायथ्याशी बसायची. सुधाला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती प्रश्न विचारायची आणि पुस्तकात बघून उत्तर तपासायची. चुकलं की म्हणायची, "डी!" मग दोघी हसायच्या. मे महिन्यात सुधा गेली. मंजू जूनमध्ये परीक्षेला बसली.

निकालाच्या दिवशी आठ वाजता फोन वाजला नाही. साडेआठ, नऊ. मी फोनकडे बघत बसलो होतो. इतकी वर्षं ज्या फोनचा राग आला, तो आज यावा असं वाटत होतं. अकराच्या सुमारास सबनीस स्वतःच आले. हातात खिचडीचा डबा.

"दोन सी, एक बी," मी म्हटलं. "बर्मिंगहॅमच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळेल. तुम्ही फोन नाही केलात?"

"घाई नव्हती," सबनीस म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

ते बसले. पलंग अजून त्याच खोलीत होता. त्याच्याकडे बघून म्हणाले, "वैद्य, एक बोलू? गेलं वर्षभर मला तुमचा फार हेवा वाटला."

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय.

"ऑफिसातून येताना रोज ही खिडकी दिसायची. वहिनी उशीला टेकलेल्या, मंजू पायाशी. पास झाली असती, तर त्या खिडकीत कोण असतं?" त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "ग्लासगोला आम्ही आठवडा काढला ना, त्यावर तुम्ही सगळे हसता. हसा. पण तेवढाच आठवडा असा होता की आम्हाला काही करायचं नव्हतं. पावसात फिरलो. चिप्स खाल्ल्या. तो केवढा बोलतो, हे मला तेव्हा कळलं. शुक्रवारी म्हणाला, बाबा, अजून एक आठवडा राहू या का? मी म्हटलं, माझं तिकीट काढून झालंय." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "महिनाभर आधी काढलं होतं."

त्या मागणीच्या चिठ्ठीची गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. सांगितली नाही. मी खिचडी वाढून घेतली. खारट होती. दोघांनी खाल्ली.

निघताना दारात वळून म्हणाले, "मंजू कधी जाणार?"

"हॉस्टेल शनिवारी उघडतं. सोमवारी सुरू."

"मग रविवारी न्या," सबनीस म्हणाले. "रविवारी संध्याकाळी. शेवटच्या गाडीने."

रविवारी आम्ही निघालो तेव्हा सबनीस फाटकाशी उभे होते, हातात ती तपकिरी उशी. "युस्टन स्टेशनपासून बसायला लागेल," म्हणून त्यांनी ती मंजूच्या हातात दिली.

"काका, ही उशी मला?" मंजूने विचारलं. "अजितला नको?"

"त्याची उंची वाढली," सबनीस म्हणाले.

मग घड्याळ बघून मला म्हणाले, "वेळ आहे. चहा घेऊन जा."

आम्ही आत गेलो. चहा होईपर्यंत मंजू संडासात जाऊन आली आणि म्हणाली, "काका, चौथा प्रश्न सुटतो. छापायची चूक नाहीये." सबनीस तिला म्हणाले, "बस. मला समजावून सांग."

शेवटची गाडी आम्हाला जेमतेम मिळाली.