टेस्ट ड्राइव्हला डबल बेल

इंजिन चालू होऊन चार मिनिटं झाली होती. एसी लागला होता, सीटबेल्ट आवळून झाले होते, शोरूमच्या वॉचमननं फाटक उघडून सलामसुद्धा ठोकला होता. तरी गाडी जागची हलत नव्हती. स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बारकूदादा वेखंडे शांतपणे समोर बघत बसले होते.

मागच्या सीटवर टॅब घेऊन बसलेल्या दामिनी मॅडम शहापूरच्या या शोरूममध्ये सहा वर्षं गाड्या विकत होत्या. गाडी बंद पाडणारी, कुंपणावर घालणारी, ब्रेक समजून भलतंच दाबणारी अशी सगळी गिऱ्हाइकं त्यांनी पाहिली होती. पण गाडी चालू करून ध्यानाला बसणारं हे पहिलंच.

"काका, काही प्रॉब्लेम? गिअर टाका ना."

"टाकलाय मॅडम."

"मग?"

बारकूदादांचे हात स्टीअरिंगवरच. शेवटी शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, भागीबाईंनी, मान मागं वळवली.

"बेल द्या त्यांना."

"कसली बेल?"

"डबल बेल गो बाय. एकतीस वर्सं एसटी चालवली त्यांनी. मागून डबल बेल आल्याबिगर पाय नाय उचलत त्यांचा."

दामिनी मॅडमनी पेनानं खिडकीच्या काचेवर दोनदा टक टक केलं. गाडी तुपात सुरी फिरावी तशी फाटकाबाहेर पडली.

आता हे टेस्ट ड्राइव्ह प्रकरण काही आजच सुरू झालं नव्हतं. बारकूदादा मे महिन्यात रिटायर झाले आणि जूनपासून घरात एकच विषय होता. भागीबाईंना चार दारांची, डिकीवाली, चांगली घरची गाडी हवी होती. बारकूदादांच्या डोक्यात मात्र किन्हवलीच्या धाकलूची जुनी जीप भरली होती. घ्यायची आणि शेअर सीटवर आपल्या एसटीच्या जुन्याच रस्त्याला फिरवायची. घरात बसून माणूस गंजतो, असं त्यांचं म्हणणं. भागीबाईंचं म्हणणं वेगळं होतं आणि ते त्यांनी एकदाच, भाकरी थापता थापता सांगितलं होतं. "तुमच्या शेजारी फुडं बसून, मधी कुटं न थांबता, मला एकदा धसईला म्हायेरी जायाचंय. जीप घेतली का फुडं पॅसेंजर बसंल नि मी पुन्ना मागं."

तेव्हा तोडगा निघाला. तीन कंपन्यांच्या तीन गाड्या चालवून बघायच्या. एकही पसंत पडली नाही, तर जीप. बारकूदादांनी त्यासाठी वहीत लॉगशीटसारखे रकाने आखले. पहिल्या गाडीचा निकाल त्यांनी असा लिहिला: 'गिअर मऊ. हॉर्न बेकार. म्हैस हटली नाही, उलट जवळ आली.' दुसरीचा: 'पिकअप बरा. मागे बसल्यास टाळू छताला लागते. नापास.' आता ही तिसरी आणि शेवटची. भागीबाई सकाळी देवाला दिवा लावून निघाल्या होत्या, ते उगीच नाही.

गाडी झकास चालत होती. खड्डा आला की आधीच्या दोन्ही गाड्यांनी मणक्याला कळवलं होतं, हिनं कळवलं नाही. हॉर्न तर असा, की पुढचा ट्रॅक्टरवाला दचकून बाजूला झाला. बारकूदादांच्या मिशीखाली हसू आलं. भागीबाईंनी एसीच्या झडपेपुढं पदर धरला आणि त्याही हसल्या.

"सापगावच्या पुलापर्यंत जाऊ आणि तिथून वळू, काका," दामिनी मॅडम म्हणाल्या. "बाराला दुसरं गिऱ्हाईक आहे. ही गाडी आधीच्या दोन गाड्यांपेक्षा मायलेजमध्येसुद्धा..."

मायलेजचं पुढं काय ते कुणालाच कळलं नाही. कारण पुलाच्या अलीकडं स्टॉपवर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन गुणाबाई, त्यांच्या एसटीची नेहमीची पॅसेंजर, उभी होती आणि गुणाबाईनं हात केला.

बारकूदादांचा पाय ब्रेकवर गेला. गेला म्हणजे त्यांनी नेला नाही, तो आपला आपण गेला. गाडी स्टॉपच्या बरोबर समोर, मागचं दार गुणाबाईच्या नाकासमोर येईल अशी उभी राहिली.

"अगो बया, बारकूदादा! नवी गाडी?" म्हणत गुणाबाई पाटीसकट आत आलीसुद्धा. "मी म्हनलं आता बारापात्तूर हितंच. किनवलीला सोड रे बाबा."

"काका, हे..." दामिनी मॅडमनी बोंबलांकडं बघत नाक दाबलं. "टेस्ट ड्राइव्हमध्ये पॅसेंजर घेत नाहीत."

"मॅडम, म्हातारं मानूस. हात केलाय," बारकूदादा म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. पुन्हा गाडी हलेना. दामिनी मॅडमनी निमूटपणे टक टक केलं.

एकदा पूल ओलांडला आणि मग कसला आवर! पुढच्या फाट्यावर एक मास्तर चढले, ते दोन स्टॉपनंतर उतरले. त्यांच्या जागी एक बाई आली, तिला पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं होतं. प्रत्येक ठिकाणी दामिनी मॅडम खाली उतरत होत्या, माणूस आत घेत होत्या, दार लावत होत्या आणि काच वाजवत होत्या. चौथ्या स्टॉपला तर त्यांच्या तोंडून "पुढं सरका, पुढं सरका" असं निघून गेलं आणि त्या स्वतःच ओशाळल्या. माणसं बसल्या बसल्या गाडी पारखत होती.

"हिच्यात पाय लांब करता येतात. माज्या भाच्याच्या गाडीत गुडघे तोंडात येतात."

"पर खाली हाय जरा. उठताना कंबर बोलतेय."

"कंबर माजी तर पलंगावनं उठतानाबी बोलतेय, त्यात गाडीचा काय दोष?"

दामिनी मॅडम हे टॅबमध्ये उतरवून घेणार, इतक्यात शोरूममधून मॅनेजर मनोज सरांचा फोन आला. गाडीला जीपीएस होतं आणि ते त्यांच्या टेबलावर दिसत होतं.

"दामिनी, पूल मागं पडला तुझा! आणि गाडी सात वेळा थांबली. इंजिन बंद पडतंय का?"

"नाही सर, गाडी एकदम मस्त आहे. स्टॉप आहेत."

"कसले स्टॉप?"

"विनंती थांबे, सर."

मग मनोज सर म्हणाले, "तू गाडी जागेवर उभी कर. मी बाइकवरनं येतो."

गाडी जागेवर उभी राहिली, पण ती त्यांच्या सांगण्यावरून नव्हे. पुढच्या वळणावर हात करून उभा होता खुद्द जीपवाला धाकलू. पायीच होता, कारण त्याची जीप गॅरेजात होती. त्याचं पोट आणि मागची शिल्लक जागा यांचं गणित जमेना. मागं दामिनी मॅडम, गुणाबाई आणि मधे बोंबलांची पाटी.

"भागी, तू जरा मागं बसतेस गो?" बारकूदादा सहज बोलून गेले. "धाकलूला फुडं होऊ दे."

भागीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, धाकलूच्या पोटाकडं पाहिलं, आणि त्या उतरून मागं गेल्या. पाटी मांडीवर घेतली. धाकलू ऐटीत पुढं बसला आणि त्यानं पट्टा लावायच्या आधीच तोंड सुरू केलं.

"बारकू, ही गाडी म्हंजे शोभेचं काम. माजी जीप घे. अकरा मानसं बसतात, दोन मागं लोंबकळतात. आन टप धरून आनखी..."

"बंद पडली ना पर ती?" मागून भागीबाई.

"बंद नाय वयनी, आराम करतेय."

किन्हवली स्टँड आला. आता शहाण्या माणसानं माणसं रस्त्यावर उतरवून गाडी वळवली असती की नाही? बारकूदादांनी ती स्टँडात घेतली, झोकात रिव्हर्स मारून फलाटाला लावली, आणि टेस्ट ड्राइव्हचा फॉर्म घेऊन थेट वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

खिडकीतल्या सुनिलनं फॉर्म उलटसुलट बघितला. "बारकूदादा, ह्याची एंट्री कुटं करू मी? तुमी रिटायर झालात ना?"

बारकूदादा खिडकीशी उभेच राहिले. हातातला फॉर्म त्यांनी हळूच घडी करून खिशात घातला. चेहरा असा झाला होता, की सुनिलला आपण बोललो त्याचं वाईट वाटलं.

ते परत आले तर गाडी भरली होती. गुणाबाई उतरली होती, पण मागं तीन अनोळखी माणसं बसली होती, धाकलू पुढून हलला नव्हता आणि दामिनी मॅडम "अहो, ही सरळगावला जात नाही हो" असं सगळ्यांना सांगत होत्या. भागीबाई खाली, लिंबाच्या झाडाखाली उभ्या होत्या. पदराला बोंबलांचा वास येत होता.

"चल गो, बस," बारकूदादा म्हणाले.

"कुटं बसू?"

बारकूदादांनी गाडीत डोकावून पाहिलं. खरंच, कुठं?

"एकतीस वर्सं तुमच्या गाडीतनं म्हायेरी गेले," भागीबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण डोळे भरले होते. "कदी बाकड्यावर बसून, कदी दांड्याला धरून. तुमचं तोंड कदी दिसलं नाय मला, नुसती मानगूट दिसली. म्हनलं, एक डाव शेजारी बसून जाऊ. मधी कोन नाय. तर पुलाच्या अलीकडंच गुणाबाई! जाऊ दे. घ्या ती जीप. मानगुटीची सवय हाय मला."

बारकूदादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी काय मुद्दाम करतो काय गो? कोनी हात केला का पाय जातोच. मला कळायच्या आदी जातो."

"लगीनसराईत नव्हता जात."

"आँ?"

"कराराच्या गाडीवर असलात का माझ्या सख्ख्या भावाला नव्हता थांबलात तुमी. धा किलोमीटर चालत आलता तो."

हे खरं होतं. वऱ्हाडासाठी एसटी ठरवली की काचेवर 'प्रासंगिक करार' अशी पाटी लागते, आणि त्या पाटीची गाडी मधे कुणासाठी थांबत नाही. भागीबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि तरातरा नियंत्रकाच्या खिडकीशी गेल्या. "सुनिल, कराराची एकादी जुनी पाटी हाय काय रे?"

सुनिलनं कपाटामागून एक कोपरे दुमडलेली, धूळ खाल्लेली पाटी काढून दिली. भागीबाईंनी ती पदरानं पुसली आणि गाडीच्या पुढच्या काचेत उभी केली.

मग जे झालं ते दामिनी मॅडम अजून शोरूममध्ये सांगतात. मागच्या तिघांनी पाटी वाचली. "कराराची हाय रे, उतरा," म्हणत तिघंही आपणहून उतरले, कुरकुरसुद्धा केली नाही. धाकलूसुद्धा पोट सावरत बाहेर आला. इतकी वर्षं त्यानं बऱ्याच गोष्टी मोडल्या असतील, पण करार मोडायची त्याची छाती नव्हती.

"मंग जीपचं काय?" त्यानं विचारलं.

"आराम करू दे तिला," बारकूदादा म्हणाले.

भागीबाई पुढं बसल्या. दामिनी मॅडम मागं बसल्या आणि त्यांनी पेन उचललं.

"थांब बाय," भागीबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या हातातल्या बांगड्या दारावर दोनदा वाजवल्या. गाडी निघाली, शहापूरच्या उलट दिशेनं.

"काका, बाराचं गिऱ्हाईक..." दामिनी मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी पुढच्या आरशात भागीबाईंचं तोंड पाहिलं आणि टॅब बंद करून टाकला. "जाऊ द्या. धसईला रस्ता कसाय तेही बघू."

स्टॉप येत होते आणि मागं पडत होते. माणसं हात करत, पाटी बघत आणि हात खाली घेत. बारकूदादांचा पाय जागचा हलला नाही. पुढच्या फाट्यावर मात्र एक शर्ट-टायवाला माणूस हेल्मेट हलवत रस्त्याच्या मधोमध उड्या मारत होता. मनोज सर! गाडी स्टँडच्या आत असताना ते न बघता पुढं निघून आले होते आणि इथं त्यांच्या बाइकचं पेट्रोल संपलं होतं.

"काका, थांबा! आमचे सर आहेत!"

"सर असू दे नायतर सरपंच," बारकूदादांनी सफाईनं गाडी बाजूनं काढली. "करार म्हंजे करार."

दामिनी मॅडम सीटच्या खाली वाकून बसल्या, त्या सरळगाव आलं तेव्हाच वर आल्या. पुढं दोघांचं बोलणं चाललं होतं. तेही कसलं, तर हे शेत कुणाचं, त्या आंब्याला यंदा मोहर कसा, असलंच. पण भागीबाई नवऱ्याचं तोंड बघून बोलत होत्या आणि बारकूदादांना रस्त्यावरून नजर काढायची नसल्यामुळं ते कानापर्यंत लाजत होते.

धसई दोन किलोमीटरवर राहिली, आणि भागीबाई एकदम ताठ झाल्या. स्टॉपवर लाकडाची मोळी टेकवून रखमी उभी होती. भागीबाईंची लहानपणची मैत्रीण. तिनं हातही केला नव्हता.

"थांबवा! अवं थांबवा, रखमी!"

"करार हाय," बारकूदादा म्हणाले. गाडी पुढं गेली.

"चुलीत घाला तो करार! मी फुडं बसलेय ते म्हायेरच्या एका तरी मानसानं बघायला नको?"

बारकूदादा बधले नाहीत. भागीबाईंनी मग बांगड्या दारावर एकदाच वाजवल्या. सिंगल बेल. गाडी जागच्या जागी उभी राहिली. दामिनी मॅडम न सांगता उतरल्या आणि मागं बघत "येऊ द्या, येऊ द्या" करत त्यांनी गाडी रिव्हर्समध्ये रखमीपर्यंत आणली. मोळी डिकीत बसली. डिकीचा एवढा खरा कस आधीच्या दोन कंपन्यांनी काढला नव्हता.

"भागे, तू गो? फुडं?" रखमीचं तोंड उघडंच राहिलं.

"हां. बस मागं," भागीबाई म्हणाल्या, आणि मान वळवायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

मनोज सर त्या दिवशी शहापूरला एसटीनं परतले. त्यांचा राग मात्र संध्याकाळी उतरला, कारण बारकूदादांनी गाडी परत आणली आणि ते बुकिंग करूनच पायउतार झाले. वहीतला तिसरा रकाना असा आहे: 'हॉर्न उत्तम. डिकीत मोळी बसते. बोंबलांचा वास दोन दिवसांत जातो, असे मॅडम म्हणतात. पास.' खाली एक अट घातली होती, आणि ती पुरी करताना शोरूमच्या मेकॅनिकनं डोकं खाजवलं, पण केली.

आज तुम्ही किन्हवलीच्या रस्त्याला उभे असाल आणि चंदेरी रंगाची गाडी आली, तर हात करून बघा. थांबेल किंवा नाही थांबणार. बारकूदादांकडं बघून उपयोग नाही. आत छताला एक पितळी घंटा बसवलेली आहे आणि तिची दोरी भागीबाईंच्या हातात आहे.