दगडाबाई ॲक्सोलॉटल व्हायला निघाली

ज्या समाजाला जलचरांची कदर कळली, त्याची प्रगती कुणाच्या बापाला अडवता येत नाही. म्हणूनच आमच्या पुंडलिकनगरातल्या संस्कृती मंडळानं ॲक्सोलॉटल आणला. मेक्सिकोतला हा वीतभर जलचर. पाय तोडा, नवा फुटतो. शेपूट कापा, तीही फुटते. आणि जन्मभर पोरच राहतो. (त्यासाठी शास्त्रज्ञ त्याला डोक्यावर घेतात. आपल्याकडं असे लई पडलेत, पण कुणी प्रबंध लिहीत नाही.)

समाजमंदिरात काचेच्या पेटीत त्याची स्थापना झाली. शाल पेटीला पांघरली. नारळ अध्यक्ष दत्तोपंतांनी त्याच्या वतीनं स्वीकारला. तिकडं मेक्सिकोत त्याचा देवाशी संबंध लावतात, असं त्यांनी भाषणात सांगताच बायांनी ओटी भरली. तांदळानं पाणी नासलं. बदललं. ओट्या वाढल्या, तसा पेटीचा हौद झाला, आणि गल्लीचा टँकर थेट हौदात रिकामा होऊ लागला.

दगडाबाईच्या घरी सून ओली बाळंतीण. घरात थेंब नाही. ती हंडा घेऊन आली.

"पंत, येक हंडा द्या. बाळंतीण तशीच पडलीय."

"दगडाबाई, हे पाणी फक्त ॲक्सोलॉटलसाठी. नियम आहे."

"मंग मला ॲक्सोलॉटल करा!"

मागणी रास्त होती. पण एकटीलाच सवलत नको, म्हणून मंडळानं अख्ख्या गल्लीची परीक्षा घेतली.

पहिली कसोटी: मोठं न होणं. मागच्या निवडणुकीतली आश्वासनं पुन्हा वाचली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पास.

दुसरी: कापलेलं पुन्हा फुटणं. वीज कापली, घराघराला इन्व्हर्टर फुटले. नळ कापला, त्या जागी विकतच्या पाण्याचे जार उगवले. कुणी हूं की चूं केलं नाही. उत्कृष्ट.

तिसरी: पाण्यात राहून गप बसणं. सगळ्यांसमोर टँकर हौदात रिकामा केला. गल्ली शांत. दगडाबाई तेवढी ओरडली, "मुडद्यांनो, बाळंतीण तहानलीय माझी! बघता काय?" आणि हंडा हौदात बुडवला.

"ॲक्सोलॉटल असा ओरडत नाही," दत्तोपंतांनी शास्त्रीय खुलासा केला. दगडाबाई नापास. हंडा भरल्या पाण्यासकट जप्त. आता ती शेजारच्या गारखेड्याकडं पाणी मागत फिरते.

बाकी गल्ली पास होऊन ॲक्सोलॉटल झाली, हौदात सुखात आहे. पाणी गार आहे.

हंडा काढून घेतला, तेव्हा तुम्हीही इथंच होता. गुमान पुढं वाचत राहिलात. अभिनंदन. चपला काढा आणि आत या, सरकून बसतो आम्ही.