कन्नड पिक्चर आणि मराठी तीन रांगा

आपल्याला कन्नड येतं, असं यशोधनने स्वतःच सांगून ठेवलं होतं, आणि तेही शेषगिरीरावांना! २००६ सालची, अमेरिकेतल्या ट्रॉय गावातली ही गोष्ट. हा पठ्ठ्या मोटारींची डिझाइनं करायचा, आणि रावांच्या मुलीवर, सहनावर त्याचा जीव जडला होता. रावांनी हौसेने एक विनोदी कन्नड पिक्चर काढला होता. शूटिंग स्वतःच्या बेसमेंटमध्ये, आणि नट म्हणजे ओळखीचे डॉक्टर-इंजिनियर. ज्याला माझा विनोद कळत नाही त्याला मुलगी देणार नाही, असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. यशोधन छाती फुगवून म्हणाला, सोलापूरला मावशीकडे वाढलोय काका, कन्नड म्हणजे घरचीच भाषा. खरं तर मावशीच्या शेजारणीकडे जेवताना शिकलेला 'बेडा', म्हणजे नको, एवढीच त्याची पुंजी.

शाळेच्या ऑडिटोरियममध्ये प्रीमियर ठरला. हॉल भरावा म्हणून यशोधनने मराठी मंडळाची माणसं आणून तीन रांगा भरल्या. आम्हाला काय कळणार रे, असं मृणालिनीकाकूंनी विचारलं, तेव्हा त्याने सगळ्यांना बजावलं, "मी करीन ते करायचं. बास."

त्याची स्वतःची सोय म्हणजे शेजारी बसलेली सहना. तिने कोपर मारलं की तो हसणार, तो हसला की मागच्या रांगा हसणार. राव मात्र स्टेजजवळ उभं राहून पडद्याऐवजी यशोधनच्या तोंडाकडे बघत होते.

इंटरव्हलपर्यंत निभावलं. मग सहनाला तिच्या आईने उपमा वाढायला नेलं, ती काही परत येईना. आता कोपर कोण मारणार? यशोधनने पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांवर नजर ठेवली. थोड्या वेळाने त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. यशोधन खो खो हसला. मागच्या तीन रांगांनी तर हॉल डोक्यावर घेतला.

गृहस्थ वळले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पडद्यावर आजोबा वारले होते.

सगळा हॉल वळून बघायला लागला. संपलं, गेली सहना हातची, असं म्हणत यशोधन उरलेला पिक्चर मान खाली घालून बसला. मागच्या रांगांनीही माना खाली घातल्या.

दिवे लागताच राव तडक त्याच्याकडे आले. डोळे लाल. खांद्यावर हात ठेवून ते कन्नडमध्ये बरंच काही बोलले आणि शेवटी काहीतरी विचारलं. यशोधनला वाटलं, चांगलीच हजेरी घेतायत. त्याने हात जोडून जोरजोरात मान हलवली.

"बेडा, काका, बेडा!"

रावांचा चेहरा पडला. उपम्याचा ट्रे घेऊन आलेली सहना जागच्या जागी थिजली. तिने हळूच इंग्लिशमध्ये समजावलं. आजोबांचं मरण बाबांनी विनोद म्हणून लिहिलं होतं, नटांनी रडून त्याची वाट लावली. एवढ्या हॉलमध्ये सगळ्यांत आधी तो तुला कळला, म्हणून त्यांनी विचारलं, माझी मुलगी करशील का? आणि तू म्हणालास, नको.

यशोधनच्या तोंडचं पाणी पळालं. "हो, हो," म्हणत त्याने मान डोलवायला सुरुवात केली. मागच्या तिन्ही रांगा, काकूंसकट, तशाच डोलायला लागल्या.

रावांनी त्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. मग चक्क स्वच्छ मराठीत विचारलं,

"यातल्या नक्की कोणाला करायचंय लग्न?"