गोरखचा दहावा आणि परत येणारं रॉकेट

मेलेल्या माणसाला पलीकडे नेण्याचं काम आमच्या जिल्ह्यात कावळ्यांकडून काढून रॉकेटला द्यायचं घाटत होतं, आणि माझ्या थोरल्या भावाचा, गोरखचा, दहावा नेमका चाचणीच्या दिवशी आला.

रॉकेट नदीच्या वाळूत उभं होतं. गावच्या पाण्याच्या टाकीपेक्षा थोडं उंच, पांढरं, चार पायांचं. एका पायाला कुणीतरी शेळी बांधली होती. उड्डाणाआधी शेळी सोडावी अशी सूचना भोंग्यावरून दोनदा झाली, पण शेळी आपली आहे असं कुणी म्हणत नव्हतं.

गुरुजींनी दर्भावर पिंड मांडला आणि आम्ही सगळे मागे सरलो. माझं डोकं नुकतंच भादरलं होतं, वारा गार लागत होता. बाभळीवरून एक कावळा उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर बसला आणि शिवेना.

अशा वेळी मेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते ओळखून त्याला शब्द द्यायचा असतो. रंभाजी मामांनी हात जोडले. "गोरखा, पोरीच्या शिक्षणाची काळजी करू नको. आम्ही आहोत."

कावळा हलला नाही.

"अजून कोणी बोला," गुरुजी म्हणाले.

मी म्हणालो, "गोरख, मी वहिनीला उलटून बोलणार नाही."

मागे दोघंतिघं हसले. माझा स्वभाव सगळ्या भावकीला माहीत आहे.

कावळा म्हणाला, "ऐकलं सगळं. चांगलंच बोलताय. पण आधी गाडी ठरवा. तोवर आमचं काम बंद हाय."

"म्हणजे संप?" मामांनी विचारलं.

"संप नाय. वरून हुकूम आलाय."

पत्र्याच्या शेडमध्ये टेबल मांडून बसलेल्या देवकुळे बाई उठून आल्या. त्या व्यवहार्यता समितीच्या होत्या. कुठलं वाहन चालण्यासारखं आहे आणि कुठलं नाही ते ही समिती ठरवते. बाईंनी आधी वहिनीला नमस्कार केला, मग गोरखचं पूर्ण नाव आणि वय लिहून घेतलं. ज्याने अग्नी दिला त्याचा निर्णय शेवटचा, असं त्यांनी सांगितलं. अग्नी मी दिला होता. गोरखची मुलगी तीन वर्षांची आहे.

"कुठं करायची सही?" मी विचारलं. मला ते सगळं लवकर संपवायचं होतं.

"आधी चर्चा करायची," बाई म्हणाल्या. "मग सही."

सगळे घाटाच्या पायऱ्यांवर बसले. कावळा पिंडाशेजारीच राहिला.

पहिला पर्याय नळीचा होता. लांबच लांब नळी, तिच्यातली हवा काढून घेतलेली, आत एक डबा. हवेचा अडथळा नाही म्हणून डबा ताशी बाराशे किलोमीटरने जाणार. बाईंनी कागदावर चित्र काढून तो कागद पायऱ्यांवरून फिरवला.

"हवाच नाही तर माणूस श्वास कसा घेणार?" मामांनी विचारलं.

"प्रवासी मेलेला असतो."

मामांना ते पटलं. त्यांनी कागद पुढे दिला.

"नळीचं पलीकडचं टोक कशावर बसवणार?" कावळ्याने विचारलं.

बाईंनी फाईल चाळली. अलीकडच्या टोकाचा चौथरा झाला होता, त्याला फरशीही बसवली होती. पलीकडे जमीन आहे की नाही याचा दाखला मात्र कुठल्याच कार्यालयाने दिलेला नव्हता. त्यांनी 'नळी बाद' असं लिहिलं आणि पान उलटलं. बाई सरळ स्वभावाच्या होत्या.

राहिलं रॉकेट आणि कावळा.

"रॉकेटला आठ मिनिटं लागतात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला?"

"वर्ष," कावळा म्हणाला. "बारा मुक्काम. दर महिन्याला एक. म्हणून तर घरचे दर महिन्याला पान वाढतात."

"एका माणसाला एक वर्ष. एवढा वेळ कशात जातो?"

"चालण्यात. आम्ही उचलून नेत नाय, बाई. सोबत करतो, त्याच्या चालीनं. ह्या पोराच्या बापाला मीच नेलं. तीन ठिकाणी तंबाखूसाठी थांबला. म्हटलं, आबा, हितं कुठली तंबाखू? तर म्हणाला, तू बस, मी बघून येतो."

आमचे आबा असेच होते. वहिनीने तोंडावर पदर घेतला. ती हसत होती, दहा दिवसांत पहिल्यांदा.

मामा रॉकेटच्या बाजूचे होते. ते मला म्हणाले, "मच्छ्या, मी सांगतो ते ऐक. तालुक्यात पहिला मान आपल्या घराला मिळतोय. घाटावर नावाची पाटी लागेल. आणि त्याला वर्षभर पायी कशाला हिंडवायचं? जन्मभर पहाटे चारला उठून दुधाचा टेम्पो चालवला पोरानं. आता तरी बसून जाऊ दे."

"बसून जाईल आणि रॉकेट तिकडंच पडून राहील," कावळा म्हणाला. "दिवाळीचा बाण परत आलेला बघितलाय का कोणी? रोज नवं आणणार का तुम्ही?"

"हे पुन्हा पुन्हा वापरायचं आहे," बाई म्हणाल्या. "वर जातं, प्रवासी उतरवतं, आणि परत येऊन याच चार पायांवर उभं राहतं. धुतलं, पुसलं की दुसऱ्या दिवशी तयार."

गुरुजी म्हणाले, "उंचावरून सोडलेली काठी उभी राहिलेली मी तरी बघितली नाही."

"दुसऱ्या तालुक्यांत सात वेळा राहिलं, गुरुजी. खाली शेळी नसेल तर आठव्यांदाही राहील."

मी तोवर पायरीच्या सांध्यातलं गवत उपटत होतो. मी उठून उभा राहिलो.

"परत येतं?"

"हो."

"इथंच?"

"याच जागी. हातभर इकडंतिकडं."

"मग येताना गोरखला आणेल का?"

मामांनी माझा सदरा धरून मला खाली ओढलं, मी बसलो नाही. बाईंनी मात्र प्रश्न लिहून घेतला, कारण तो चर्चेत विचारला गेला होता.

"परतीच्या वजनाला इंधन पुरायला हवं," त्या म्हणाल्या. "प्रवाशाचं वजन किती?"

गुरुजींनी पिंडाकडे नीट बघितलं. "पाव किलो. दर्भासकट."

बाईंनी गणित केलं. खोडलं आणि पुन्हा केलं. "पुरतं," त्या म्हणाल्या. "तीनशे ग्रॅमपर्यंत पुरतं."

मी म्हणालो, "मग आणा."

"थांबा, आधीच्या फेऱ्यांची नोंद बघते." त्यांनी दुसरी फाईल उघडली आणि बोट ठेवून वाचू लागल्या. "सात प्रवासी गेले. प्रत्येक वेळी वर पोहोचल्यावर दार चार मिनिटं उघडं ठेवलं होतं. ज्याला परत यायचं असेल त्याने बसावं अशी पाटीही दाराला होती. सातही वेळा रॉकेट रिकामं आलं."

"का?"

"तो रकाना फॉर्ममध्ये नाही."

"वाचता येत नसेल त्यांना."

"सातांत दोन शिक्षक होते."

"मग हाक नसेल मारली कुणी!" मी ओरडलो. "पाटी बघून कोण येतं? आपलं माणूस बोलावतं तेव्हा येतो माणूस." मी खिशातून गोरखचा मोबाईल काढला. काच तडकली होती, पण चालू होता. दहा दिवस मी तो चार्ज करत होतो. "हा आत ठेवा. दार उघडलं की मी फोन लावतो. माझा फोन आला की तो थांबतो. कुठंही असू दे. चालवताना बोलत नाही तो. गाडी कडेला घेतो, उभी करतो आणि मग उचलतो. कायम. त्या दिवशीसुद्धा..."

पुढचं मी बोललो, पण खाली बघून बोललो. त्या दिवशीही गोरखने तेच केलं होतं. बायपासला टेम्पो कडेला घेतला, उभा केला आणि फोन उचलला. मी त्याला सांगत होतो, येताना माझ्या बुटांच्या लेस आण. काळ्या आण. मागून ट्रक आला. 'काळ्या' हे त्याला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. घाटावर पन्नास माणसं होती, गुरुजी होते, समिती होती.

मामांनी माझा सदरा सोडला. वहिनी उठून माझ्याकडे आली. ती मारेल असं मला वाटलं, आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने माझ्या हातातला मोबाईल घेतला.

"मला माहीत होतं, भाऊजी. शेवटचं नाव तुमचंच होतं त्यात."

"मग बोललीस का नाही?"

"काय बोलायचं? रोज पाच वेळा फोन करायचात तुम्ही त्यांना. शेव आण, लेस आण. त्यांना आवडायचं ते." तिने मोबाईल बंद केला आणि कमरेला खोचला. "आता नका त्यांना थांबवू. जाऊ द्या."

"रॉकेटने?"

वहिनीने वाळूतल्या रॉकेटकडे बघितलं. खालून वर, पार टोकापर्यंत. "बाई, याला खिडकी आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"वरातीत घोड्यावर बसवलं तर हे घोड्याच्या कानात म्हणाले, हळू. टेम्पो कधी चाळीसच्या पुढे नेला नाही, सायकलवाली पोरं हसायची. आठ मिनिटांत नाही जमायचं त्यांना. पोटात कालवेल."

"हे कारण म्हणून लिहू?"

"लिहा," मी म्हणालो.

बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. नळी अव्यवहार्य. रॉकेट व्यवहार्य, परंतु प्रवाशाच्या पोटास न मानवणारं. कावळा अत्यंत धिमा, तूर्त चालू ठेवण्यास हरकत नाही. मी सही केली. माझी सही मोठी येते, ती रकान्याच्या बाहेर गेली. बाईंनी चालेल म्हटलं.

"पाटी गेली," मामा म्हणाले, पण हळू.

कावळ्याने पिंडाला चोच लावली आणि एक शीत उचललं. "शिवला," गुरुजी म्हणाले. लोक उठले, कपडे झटकू लागले. कावळा उडाला नाही. तो घाटाच्या पायऱ्या एकेक करून चढला, डांबरी रस्त्याला लागला आणि डाव्या कडेने चालू लागला. अगदी कडेने नाही. कडेला एका माणसापुरती जागा सोडून.

कावळा शिवला की घरी जायचं असतं. मी त्याच्या मागे गेलो. मी गेलो म्हणून वहिनी आली, वहिनी आली म्हणून मामा आले, आणि मोजमाप घ्यायचं राहिलं म्हणून बाई जीप घेऊन आल्या.

मागून गाड्या येत होत्या. मी कावळ्याच्या उजवीकडे, रस्त्याच्या बाजूने चालत होतो, उजवा हात आडवा धरून. एक ऊस भरलेला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी वळून म्हणालो, "हळू. माझा भाऊ चाललाय." त्याने रस्त्याकडे बघितलं, कावळ्याकडे बघितलं, डोक्याचा टॉवेल काढला आणि ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकला. त्याच्या मागे एक मोटार, मग दुधाचा टँकर, मग शाळेची बस. कोणी पुढे गेलं नाही.

बाईंनी जीपमधून डोकं बाहेर काढलं. "ताशी तीन किलोमीटर. बरोबर?"

"उतारावर साडेतीन," कावळा म्हणाला.

फाट्यापाशी तो थांबला. दोन्ही बाजूंना काही येत नव्हतं, तरी थांबून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी नाय थांबलो. तो थांबलाय. म्हणतो, नीट बघून घेऊ." थोड्या वेळाने कावळा माझ्याकडे वळला. "तू इथनं माघारी जा. वळून बघायचं नाय. हा नियम जुना हाय, समितीचा नाय."

"त्याला काही निरोप..."

"चालताना बोलत नाय तो," कावळा म्हणाला. "पहिल्या मुक्कामाला सांगतो. बोल."

"काही नाही," मी म्हणालो. "सावकाश जा म्हणावं."

मागच्या गाड्या एकेक करून वळल्या. मामांनी वहिनीला जीपमध्ये बसवलं. मी गावाकडे तोंड केलं आणि दहा पावलं चाललो. मग वळून बघितलं. मला राहवत नाही, मी तसाच आहे. बाईंनी मला बघताना बघितलं, आणि लिहून घेतलं नाही.

फाट्यापासून रस्ता सरळ जातो, मध्ये झाडबीड काही नाही. तो दिसेनासा व्हायला खूप वेळ लागला.