काढेआबा आणि बिनखोकल्याचा हिवाळा

दुसऱ्याच्या खोकल्यानं इतका खुलणारा माणूस मी आमच्या शेजारच्या किसनआबांखेरीज पाहिलेला नाही. गल्लीत कुणी खोकलं की हातातली पाण्याची चरवी तिथंच ठेवून ते भिंतीवरून मान वर काढायचे आणि विचारायचे, "कोण हाय? कोरडा का ओला?" ओला म्हटलं की त्यांचा चेहरा असा उजळायचा, जणू घरी पाहुणाच आला.

ही गोष्ट हिंगोलीजवळच्या गोरेगावातली, निजामाच्या अमलातली. मी नुकतीच सून होऊन तिथं आले होते. आबांच्या आणि आमच्या अंगणात एक मातीची भिंत होती आणि ती नेमकी आबांच्या हनुवटीला सोयीची होती. उमेदीच्या काळात ते हिंगोलीला कापसाच्या जिनात मुकादम होते. तिथं माणसं दिवसभर धुळीत खोकायची, त्यात आपला कान तयार झाला असं ते सांगत. "हा बिडीचा, हा धुराचा, हा चिंचा खाल्ल्याचा," असं त्यांचं भिंतीपलीकडून निदान चालायचं. ते खरं निघायचं याचाच मला राग होता. कारण चिंचांचा खोकला माझा होता आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारीच उभ्या होत्या.

गावानं त्यांचं नाव काढेआबा ठेवलं होतं. कुणी वैद्य म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. "मी वैद्य न्हाई, मी शेजारी हाय," हे त्यांचं पालुपद. औषधाचं ते काही घेत नसत. अट एकच, काढा घरी न्यायचा नाही. त्यांच्या अंगणात दगडावर बसायचं, समोरच्या चुलीवर तो उकळेपर्यंत थांबायचं आणि तिथंच प्यायचा. कुणी घाई केली तर म्हणायचे, "बराबर उकळू द्या. कच्चा काढा छातीत जाऊन बसतो, मग तकलीफ तुमालाच."

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी त्या दगडावर बसले. चिंचांचा खोकला मुरला होता आणि आत्याबाईंनी हात धरून नेलं होतं. एवढ्याशा अंगणात काय काय लावलं होतं त्या माणसानं! एका अंगाला अडुळसा, गवती चहा, पानओवा, पुदिना, आणि कडुलिंबाच्या झाडावर चढलेली गुळवेल. दुसऱ्या अंगाला नुसती फुलं. पिवळी शेवंती, पांढरी शेवंती, झेंडू, कोरांटी, मधूनच मरव्याचा वास. मी म्हटलं, "आबा, औषधाच्या बागेत फुलं कशाला?" तर म्हणाले, "काढा व्हयेपर्यंत डोळ्यांना काम नको व्हय?"

आता मी चुलीपुढं जन्म काढलेली बाई. जाळ कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. काढ्याला उकळी फुटायला लागली की आबा हळूच लाकूड मागं ओढत. मग पुन्हा आत्याबाईंना विचारत, "तं मग तुमच्या बहिणीच्या लेकीचं काय ठरलं म्हणता?" उकळी बसायची, बोलणं चालू राहायचं. घरी आल्यावर मी आत्याबाईंना म्हटलं, "काढ्याला इतका वेळ लागत नाही. ते मुद्दाम लाकूड ओढतात." आत्याबाई म्हणाल्या, "ठावं हाय सगळ्या गावाला. तू बोलू नको." त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. बिनकामाचं त्यांच्याकडं कोण जाणार?

आणि मग एका वर्षी थंडीच आली नाही.

दिवाळी गेली, देवदिवाळी गेली, तरी जाड गोधड्या घडीतून निघाल्या नाहीत. पहाटे जरासा गारवा, मग दिवसभर मऊ ऊन. धुकं नाही, सर्दी नाही, पडसं नाही. आबांची बाग अशी काही आली होती की भिंतीवरून पाहताना माझं दूध उतू जाऊ लागलं. फुलांनी शेवंतीचं पान दिसत नव्हतं, अडुळसा माजला होता. पण दगड रिकामा आणि चूल गार.

आबा बेचैन झाले. सकाळी गल्लीतून फेरी मारायचे.

"कसं हाय?"

"बरं हाय, आबा."

"रातीला खोकला?"

"न्हाई."

"थोडासा बी न्हाई?"

"न्हाई ना, आबा!"

"बरं झालं," म्हणायचे आणि पडक्या चेहऱ्यानं पुढच्या दाराला जायचे. त्यांचा सगळा भरवसा चाँदबीवर होता. ही बांगड्या विकणारी म्हातारी, दरसाल हिवाळाभर खोकायची आणि दरसाल त्या दगडावर बसून साऱ्या तालुक्याच्या बातम्या सांगायची. ती बांगड्यांची टोपली घेऊन आली तेव्हा आबा दारातच उभे होते. ती लांबूनच म्हणाली, "अल्ला का करम है आबा, इस साल छाती बिल्कुल साफ!" मला हसू आवरेना. आबा मात्र ओट्यावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

चार-आठ दिवसांनी त्यांनी भिंतीवरून जाहीर केलं, "मी वाशीमला चाललो. पुतणीकडं. कायमचा."

आत्याबाई दचकल्या. "काहून, भाऊजी?"

"इथं आता माझं काय काम हाय? कनेरगाव नाक्याच्या पल्याड इंग्रजी मुलूख. तिकडं म्हणे खोकला चांगला हाय."

"खोकला कुठं चांगला राह्यतो व्हय?"

"इथल्यापेक्षा बरा," आबा म्हणाले आणि मान खाली घेतली.

गावभर हशा पिकला. पण दुसऱ्या दिवशी आबांनी झाडांना पाणी घातलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अडुळशाच्या फांद्या छाटून ओल्या पोत्यात बांधल्या. बाजाराच्या दिवशी सकाळी वाशीमकडं जाणारी एक गाडी आहे, तिच्यात बसायचं ठरलं. तेव्हा हसू मावळलं. आत्याबाईंनी मला बोलावून सांगितलं, "जा, खोकत जा. जोरात."

मी गेले. दारातच चांगली तीनदा खोकले. आबा पोतं बांधत होते. वर न बघता म्हणाले, "गळ्यातून येऊन राहिला. छातीत काही न्हाई." मग हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, कीव करून खोकायचं न्हाई." मी मान खाली घालून परत आले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी माझी कामं आटोपली. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता आणि बाहेर ते मऊ ऊन पडलेलं होतं. खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात आबांना थांबवायचं वगैरे काही नव्हतं. उद्यापासून ही बाग दिसायची नाही, एवढंच मनात आलं. आत्याबाईंना विचारलं, डोक्यावर पदर घेतला आणि जाऊन दगडावर बसले.

आबा बाहेर आले. "काय होऊन राहिलं?"

"काही नाही."

"मंग काहून आली?"

"शेवंती बघायला."

त्यांचा विश्वास बसेना. "जीभ दाखव." दाखवली. "डोकं दुखते?" नाही. "जेवण पचते?" पचतं. "सासूशी भांडली?" आज नाही. आबा माझ्याकडं बघत उभे राहिले. धडधाकट माणूस अंगणात येऊन बसला तर त्याचं काय करायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चुलीपाशी गेले, परत आले. लाकूड उचललं, खाली ठेवलं. शेवटी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला फुलांकडं तोंड करून बसले.

पाणी नसल्यानं शेवंतीची पानं लवली होती, पण फुलं तशीच होती. त्यांच्यावर मधमाश्यांची झुंबड उडाली होती. हवा हलली की मरव्याचा वास यायचा. मला इतकं बरं वाटत होतं की माहेरची आठवणसुद्धा गोड लागली.

बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "ही तांबूस शेवंती कवा फुलली?"

"महिना झाला असंल, आबा."

"मला ठावंच न्हाई. माझं तोंड सदा चुलीकडं." ते उठले, त्या फुलापाशी गेले, वाकून बघितलं. मग आत जाऊन घागर आणली आणि पाणी घालायला लागले. आधी शेवंतीला, मग झेंडूला, मग छाटलेल्या अडुळशाच्या बुंध्याला.

भिंतीपलीकडून आत्याबाईंची हाक आली. मी उठले, पदर सावरला आणि दारापाशी पोचले. मागून आबांनी घसा साफ केला.

"सूनबाई," ते म्हणाले, "उद्या बी काही दुखलं न्हाई, तं ये."