मऊ पेडलावरील मोहीम

"काका, हवा वर जाते की खाली?"

एवढा एकच सवाल. तो भर दुपारी, शेडीचे मध्यभागी, सकळ मुत्सद्दी मंडळींसमक्ष करावा ऐसी पैज दोघी मैत्रिणींनी घातली, आणि चिरंजीव भिंगरीबाईंनी तो केला, आणि तेणेकरून अडीच आठवड्यांची रखडलेली मोहीम एका दुपारीत फत्ते जाहली. त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. काकासाहेब ती पुढे दुसऱ्या तऱ्हेने सांगतील. त्यांजवर इतबार ठेवू नये.

मूळ पीठिका ऐसी. भिंगरीचे तीर्थरूप बाबा, यांची एक जुनी जीप. तिचे इंजिन वृद्ध होऊन धूर ओकू लागले, तेव्हा बाबांचे धाकटे बंधू काकासाहेब, व्हिडिओबहाद्दर, अकलेचे खंदक, ज्यांनी सत्तावीस व्हिडिओ पाहिले आणि एकही शेवटपर्यंत पाहिला नाही, यांनी मसलत दिली की जुने इंजिन बडतर्फ करावे आणि ठोकलेल्या मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन तख्तावर बसवावे. बसविले. परंतु नव्या इंजिनापावेतो क्लचची जुनी तार पोचेना, आणि दांडग्याचा जोर जुन्या ब्रेकांस आवरेना. मग फर्मान सुटले की तार बरखास्त, क्लचही तेलाच्या दाबावर चालवावा, आणि पुढले दोन्ही ब्रेक मोठे घालावे; म्हणजे पायाने पेडल दाबावे, तेलाने नळीतून कूच करावे आणि पलीकडल्या सिलिंडराने हुकूम बजावावा. या जोडणीचा सरंजाम बाजारात तयार मिळेना, सबब पट्ट्या, भोके, नळ्या सर्व काकासाहेबांनी जातीने आखून, कापून बसविले. तेथेच घात जाहला.

आता गनीम कोण, तर हवा. तेल भरताना ती नळीत शिरते, आणि तेल दबत नाही परंतु हवा दबते, मग पेडल उशीसारखे मऊ लागते आणि गाडी थांबत नाही. तिला हाकलण्याची रीत ऐसी की एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने सिलिंडराचा बारीक स्क्रू पान्याने ढिला करून हवा सोडावी, स्क्रू आवळावा, मग पेडल सोडावे. पाना काकासाहेबांकडे. पेडलावर भिंगरीबाईंची नेमणूक जाहली, पायदळाचा सरदार म्हणून.

"दाब!"

"दाबलं!"

"धर!"

"धरलंय कधीचं! काका, पायाला गोळा आला."

"पायाचं मग बघू. सोड!"

एकदा भिंगरीने पाना मागितला, तेव्हा काकासाहेबांनी हुकूम केला की पाना म्हणजे लाटणे नव्हे. त्यांस आजतागायत लाटणेही धरता येत नाही, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. ऐसे दिवसाला दीडदोनशे वेळा दाबणे-सोडणे होऊन अकरा बाटल्या तेल कामी आले आणि गनीम जेथल्या तेथे.

अखेर बाबांचा धीर सुटला आणि त्यांनी ताकीद दिली की रविवारी पाच वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येईल. तोवर पेडल कडक न जाहले, तर जीप त्याच्या हवाली. आणि आईसाहेबांनी त्यास जोड दिली, "जीप गेली की सोमवारपासून हिला अक्षरसुधार वर्ग. अख्खी सुट्टी पेडल दाबून कोण हुशार झालंय?"  परंतु भिंगरीस त्या शेडीतच शिकायचे होते, आणि 'अ'ला गोल पोट काढीत उरलेली सुट्टी बसणे म्हणजे जिवंतपणी कैद.

रविवार उजाडला. नाक्यावरल्या गॅरेजचे मिस्त्री, अल्पभाषी, ग्रीसविभूषित, यांस शेवटचा इलाज म्हणून बोलाविले, आणि ते डब्यावर बसून चहा पीत काकासाहेबांचे व्याख्यान ऐकू लागले. इतक्यात काकासाहेबांच्या हातून पाना सुटून जीपेखाली गेला. तो आणण्यास भिंगरी पालथी सरपटली, उताणी वळली, आणि तिच्या गालावर टप्कन तेलाचा थेंब पडला. तिने वर पाहिले. हवा सोडण्याचा स्क्रू सरळ जमिनीकडे तोंड करून लोंबत होता.

ती बाहेर येऊन टायरावर बसलेल्या मैत्रिणींपाशी गाल पुसत कुजबुजली. एकीने पाण्याची बाटली आडवी केली, उलटी केली. बुडबुडा दर वेळी वर.

"मग विचार ना काकाला."

"ओरडेल गं तो."

"आत्ता सगळ्यांसमोर विचार. नाही विचारलंस तर आजपासून तुला भिंगरी नाही, पेडल म्हणणार. शाळेतसुद्धा."

या धमकीपुढे काकासाहेबांची भीती ती काय! भिंगरी उठली आणि तो ऐतिहासिक सवाल केला.

काकासाहेब हसले आणि त्यांनी मोठ्या थाटाने जाब दिला, "हवा? अगं, हवा सगळीकडे असते!"

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. ते जीपेखाली गेले, आणि तिथून आवाज आला, "दादा, हा सिलिंडर उलटा कुणी बसवला?"

तपासाअंती कबुलीजबाब निघाला तो ऐसा: सायलेन्सरचा पाइप आड येत होता म्हणून क्लचचा सिलिंडर उलटा फिरविला, आणि नळी पुरेना म्हणून डावा ब्रेक उजवीकडे आणि उजवा डावीकडे, मग त्यांचेही स्क्रू खाली. सारांश, गनीम गडाच्या माथ्यावर निजलेला आणि आमचे सेनापती अडीच आठवडे तळाची मोरी उघडून आपलीच फौज बाहेर काढीत होते. 

मिस्त्रींनी पट्टीला दोन नवी भोके पाडून सिलिंडर सुलटा केला, नळ्या बदलून ब्रेक ज्याचे त्याच्या जागी नेले, आणि मग हात पुसून म्हणाले, "ताई, पाना घे. शोधलंस तू, हवा सोडायचीही तूच. पेडलवर कोण बसतंय?"

सर्वांच्या नजरा एकीकडे वळल्या. काकासाहेब निमूट चढले.

"दाब!" भिंगरी खालून गरजली. "धर! धर म्हटलं ना, काका! हां, सोड!"

नळीतून बुडबुड्यांच्या पलटणी फुसफुसत पळाल्या, मग थोडे, मग एक, मग निव्वळ तेल. पेडल दगडासारखे कडक लागले. पाच वाजता टेम्पो फाटकात आला, आणि बाबांनी जीप सुरू केली, गिअर न कुरकुरता पडला, जीप शेडीबाहेर निघाली आणि टेम्पोच्या नाकापासून वीतभर अंतरावर जागच्या जागी थांबली. भंगारवाला रिकाम्या हाताने परत गेला.

येणेप्रमाणे वार रविवार, पाचावर दहा मिनिटे, क्लच व दोन्ही ब्रेक काबीज होऊन गनीम हवा मुलुखाबाहेर गेली. आपल्याकडील जखमी दोन: भिंगरीबाईंचा डावा पाय, काकासाहेबांचा तोरा. पैकी पाय बरा होईल.

विजयी स्वारी, तेलकट गालानिशी, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आई भांडी लावीत होती, बाबा हात धूत होते.

"आई, बाबा, जीप राहिली, तेव्हा मी उद्या त्या वर्गाला जाणार नाही. नऊ वाजता मिस्त्रीकाकांच्या गॅरेजला जाणार, रोज, सुट्टी संपेपर्यंत. त्यांना विचारून आलेय. अक्षर आहे तसं राहू दे. आणि घरी पेडल दाबायला कुणी लागलं, तर काका आहे."