नामातात्यांचा बॉम्बे ग्रुप

आमचे घरमालक नामातात्या पाटील भरदुपारीसुद्धा मच्छरदाणीत बसून जेवायचे. उभा जन्म भाईंदरच्या मिठागरात काढलेला हा आडदांड माणूस डासांना एवढा का भितो, ते मला कळेना. शेवटी तात्यांनीच आतून खुलासा केला, "अरं, त्या मेल्यानं पिलेलं रगात मना परत कोन देनार? आपला ग्रुप बॉम्बे हाय!"

ते खरंच होतं. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तात्या मुंबईच्या इस्पितळात गेले, तर त्यांचं रक्त कुठल्याच बाटलीशी जुळेना. संशोधन करणारे डॉक्टर हरखले. हा दुर्मिळ गट पहिल्यांदा मुंबईतच सापडला, म्हणून नाव मुंबईचं; आणि अशा माणसाला त्याच गटाचं रक्त लागतं, दुसरं चालत नाही. ऑपरेशन रक्त न चढवताच उरकलं, पण तात्या घरी आले ते काचेचं भांडं होऊन.

न्हाव्याच्या वस्तऱ्याला बंदी झाली. ताटात फक्त बोंबील, कारण बाकीच्या माशांचे काटे टोचतात. घरात विळी निघाली की तात्या ओटीवर. मी एकदा विचारलं, "तात्या, राहता भाईंदरला आणि रक्त मुंबईचं कसं हो?"

"डाक्टरला इचार. मी कुटं मागाया गेल्तो?"

पुढे ते डॉक्टर गावात आले. अख्खी भावकी बाह्या सरसावून ओटीवर बसली. सगळ्यांत एकाचाच गट जुळला, शेजारच्या घरातल्या धाकट्या भावाचा, गणपतचा. मिठागराच्या बांधावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. डॉक्टर खूश, आणि तात्यांना घाम फुटलेला. "मरंन, पन गन्याचं रगात घेनार न्हाय!"

त्यानंतर त्यांचं जपणं दुपटीने वाढलं. भावाचे उपकार नकोत म्हणून हे सगळं, अशी आमची खात्री झाली. गणपत मात्र तोंडात कोयता धरून खुशाल माडावर चढायचा. तो चढला की तात्या मच्छरदाणीतून माझ्यावर खेकसत, "सांग रं त्या बैलाला, कमरंला दोर बांध!" मी निरोप पोचवायचो. वरून शिवी यायची, ती मी पोचवत नसे.

एके सकाळी गणपत पडला. मांडीचं हाड मोडलं, रक्त थांबेना. तात्या मच्छरदाणी फाडूनच बाहेर आले आणि मिठाच्या लॉरीत भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. इस्पितळात डॉक्टर काही बोलायच्या आत त्यांनी दंड पुढे केला. "घ्या. लागंल तवरं घ्या."

गणपत वाचला. बाहेरच्या बाकावर तात्यांना चहा देताना मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, एवढं जपलेलं रक्त देऊन टाकलंत की!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते.

"अरं, मंग एवरी वर्सा जपलं कोनासाठी? त्यो रोज माडावर चढतो."